सर्व भांडी रीतसर धुतली

५ फेब्रुवारी

ती. बाबांना,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नका. फोन करणार होते, पण मागच्या फोनवर तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणालात. जेवलात का विचारलं तेव्हाही हो, आणि जिन्यावरून पडलात का विचारलं तेव्हाही हो. ताईला तुमचे गुडघे तपासायला पाठवेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ते कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये कशाला ठेवलंय? ड्रॉवरला ऐकू येतंय आधीपासून.

इथे सगळं ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही. हे माझं तिसरं विद्यापीठ. देश बदलले, भाषा बदलल्या, प्रयोगशाळा मात्र सगळीकडे तळघरातच असते. आमची खिडकी छताला लागून आहे, तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसतात. मंगळवारी दुपारी दोन ते चार मोठा सूक्ष्मदर्शक माझ्या वाट्याला येतो. आठवडाभर सोन्याचे कण बनवायचे आणि मंगळवारी ते बिघडलेत हे डोळ्यांनी पाहून यायचं, असं तीन वर्षं चाललंय.

तुम्ही विचारलंत की नक्की अडतंय कुठे. सोन्याचा क्षार पाण्यात विरघळवून तापवला की त्यात सोन्याचे कण तयार होतात. इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसतील. कण गोल झाले तर पाणी लाल दिसतं, त्रिकोणी झाले तर निळसर. गोल कण कुणालाही जमतात. मला पहिल्या विद्यापीठात त्रिकोणी जमले होते, पहिल्याच आठवड्यात. त्यावर माझा शोधनिबंध आला. मी सावकाश तापवते म्हणून ते होतात, असं त्यात लिहिलं आणि त्याच्या जोरावर इथवर आले. पण ते विद्यापीठ सोडल्यापासून एकदाही पाणी निळं झालेलं नाही. जुलैच्या दोन तारखेला कायमच्या जागेसाठी मुलाखत आहे. तिथे याच निबंधावर बोलायचंय.

आणि मी एकटीच नाही. दुसऱ्या एका विद्यापीठात आपली भाषा बोलणारी एक मुलगी माझाच प्रयोग करतेय. तिची तोंडओळखही नाही, पण दर तीन आठवड्यांनी पत्र लिहून विचारते की अजून काय करू. दीड वर्ष झालं, तिचंही पाणी लालच. तिचे सर म्हणतात की तिच्या हाताला कौशल्य नाही. मे महिन्यात समिती बसेल आणि तिला ठेवायचं की नाही ते ठरवेल. मला तिला उत्तर लिहायचं जिवावर येतं. काय सांगू, तेच कळत नाही.

असो. दमले आहे, एवढंच. ताईला माझी आठवण सांगा, आणि माझ्यावरची माया ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

तुमची,
धाकटी


२४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी आणि एकदा ताईला मोठ्याने, कारण तिला चष्मा सापडत नव्हता. आमच्या घरात एकाला दिसत नाही, एकाला ऐकू येत नाही, बाकी संसार उत्तम.

गुडघे जागेवर आहेत. ताई मला एकट्याला बाहेर सोडत नाही, म्हणून मी कॉलेजात जातो असं सांगून कॉलेजातच गेलो, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होत नाही. सगळं बदललंय. मी एकतीस वर्षं जिथे उभा राहिलो ते धुण्याचं बेसिन काढून टाकलं. तिथे आता भांडी धुणारं मशीन आहे. नवा लॅब अटेंडंट खुर्चीत बसून असतो. त्याने मला चहा पाजला आणि मी कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं की या खोलीतली निम्मी काच माझ्या हातची आहे. त्याला ते फारसं पटलं नसावं.

काल ताई तेलाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीशी झटापट करत होती. मी तिच्या हातून बाटली घेतली, चिमूटभर मीठ आणि दोन थेंब पाणी घातलं, खळाखळा हलवलं, ठेवून दिलं, सकाळी विसळलं. आरशासारखी झाली. तेव्हा तुझी आठवण आली. दहा वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून माझ्या शेजारी चंबू असेच धुवायचीस. अजून मिठानेच धुतेस की तिकडेही मशीन आलं?

तुझ्या त्या पत्रवाल्या मुलीबद्दल वाईट वाटलं. हाताला कौशल्य नाही असं मलाही एका प्राध्यापकांनी ऐकवलं होतं. मी हात टेकले नाहीत, फक्त त्यांच्या चंबूला दुसरं बूच लावलं. तिला सांग, हाताला दोष देण्याआधी काच बघ. आमच्या धंद्यात दहातले नऊ घोटाळे काचेचे असत.

जेवत जा. आहे तितका लोभ ठेव, वाढवलास तरी तक्रार नाही.

तुझा,
बाबा


१८ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र मिळालं. घाईत आहे म्हणून चारच ओळी.

प्रकृती बरी आहे. काम चालू आहे. सध्या धुणं मशीनच करतं, दुसऱ्या विद्यापीठापासूनच. पहिल्या ठिकाणी मी हाताने धुवायची, ते खरं.

सहज विचारते, तुम्ही कुठलं मीठ वापरायचात? जाडं की बारीक, सुटं की पाकिटातलं? आणि मीठ लावून किती वेळ ठेवायचात? उगाच आठवण आली म्हणून.

ताईला नमस्कार. सवड मिळाली की मोठं पत्र लिहीन, तोवर माया असू द्या.

धाकटी


७ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चार ओळी म्हणालीस आणि खरंच चारच लिहिल्यास. शाळेत प्रगतिपुस्तक दप्तरात लपवायचीस तेव्हा अशीच थोडक्यात बोलायचीस. मी तेव्हाही दप्तर उघडलं नव्हतं, आताही उघडणार नाही.

मीठ घरचंच, पाकिटातलं, बारीक. तुझी आई डब्यातून पुडी बांधून द्यायची. आधी सुटं जाडं आणायचो, पण त्याने काचेला चरे पडत. बारीक मीठ ओलं करून आतून सगळीकडे फिरवायचं, तसंच वाळू द्यायचं, सकाळी झटकून टाकायचं. मग नळाच्या पाण्याने एकदा आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने एकदा. ते पाणी आम्हाला मोजून मिळे, म्हणून एकदाच.

इथे ताईने माझ्या कानाच्या मशीनला नवी बॅटरी घातली. आता मला शेजारचा पंखा ऐकू येतो आणि शेजारी काय बोलतात ते येत नाही. तीन दिवस लावलं, मग पुन्हा काढून ठेवलं.

तुझ्या पत्रवालीचं काय झालं ते कळव. मेमध्ये समिती आहे म्हणालीस, मी ताईच्या कॅलेंडरवर खूण केली आहे. का केली ते मलाच ठाऊक नाही. ज्या मुलीचं तोंड पाहिलं नाही तिची काळजी करायची आम्हा रिकामटेकड्यांना सवय.

लिहायचं राहिलं असेल ते लिही. लोभ इकडे शिल्लक आहे.

बाबा


२७ मे

ती. बाबांना,
धाकटीचा सा. न. वि. वि.

हे पत्र ताईला वाचून दाखवू नका. आधी तुम्ही वाचा, मग तुमचं तुम्ही ठरवा.

तुमचं बाटलीचं पत्र मार्चच्या बारा तारखेला मिळालं. त्याच दुपारी मी दोन चंबू घेतले. एक मशीनमधला. दुसरा मी पँट्रीतलं मीठ आणून तुमच्यासारखा घासला आणि सकाळपर्यंत वाळू दिला. दोन्हीत एकच सोनं, एकच पाणी, एकच आच. मशीनचा चंबू लाल झाला. मिठाचा वीस मिनिटांत निळा झाला.

मला आनंद झाला, बाबा. अर्धा तास अगदी खराखुरा आनंद. मग उमगलं की मिठाच्या पाकिटात आयोडीन असतं, त्याचा काचेला चिकटून राहिलेला अंश सोन्याला त्रिकोणी करतो, आणि माझ्या सावकाश तापवण्याचा याच्याशी काही संबंध नाही. पहिल्या विद्यापीठात मी बेसिनच्या फळीवर मिठाचं पाकीट ठेवलं होतं. दात घासण्याची पायरी कुणी निबंधात लिहीत नाही, तसं मी ते लिहिलं नाही. मी निबंध काढून पाहिला. तिथे लिहिलंय, सर्व भांडी ॲसिडने रीतसर धुतली. ते वाक्य मी विचार करून लिहिलंसुद्धा नव्हतं. विभागातल्या आधीच्या निबंधांत असायचं, तेच उचललं.

त्या संध्याकाळी त्या मुलीला कळवायला हवं होतं. मी स्वतःला म्हटलं की तीन वेळा करून खात्री करू. तीन वेळा केलं. मग म्हटलं, नुसतं आयोडीन घालून पाहू. तेही झालं. मग म्हटलं, इथल्या माझ्या मार्गदर्शक मॅडमना आधी सांगू, मग म्हटलं, मुलाखत होऊ दे. या दिवसांत तिची तीन पत्रं आली. दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. एकाला दिलं. मी तिला लिहिलं की आणखी सावकाश तापवून बघ. सगळं माहीत असताना लिहिलं.

मेच्या सोळा तारखेला समितीने तिला काढलं. तिने मला दोन ओळींत कळवलं आणि माझ्या मदतीबद्दल आभार मानले.

निबंध दुरुस्त करायचा तर माझं मुख्य म्हणणंच खोटं ठरतं आणि मुलाखतीला जाण्यात अर्थ उरत नाही. तीन देश, नऊ वर्षं. मी काय करू असं विचारत नाही. फक्त हे एका माणसाला तरी माहीत असावं, म्हणून लिहिलं.

माया मागण्याचं तोंड नाही.

धाकटी


१३ जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मला राग आला. दोन दिवस पत्र उशीखाली ठेवलं. मिठाचा राग नाही, वाक्याचाही नाही. दीड वर्ष जी मुलगी तुझ्यावर विसंबली तिला तू आणखी सावकाश तापव म्हणून सांगितलंस, त्याचा राग आला. हे मी गुळमुळीत लिहिणार नाही.

आता माझं ऐक. माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या जोडीदाराच्या डोळ्यात भांडी धुण्याचं क्रोमिक ॲसिड उडालं. एक डोळा गेला. पुढच्या आठवड्यापासून त्याच्या वाटणीची भांडीही माझ्याकडे आली. मी बाटलीचं झाकण उघडायचो आणि त्याचा डोळा समोर यायचा. म्हणून मीठ. कुणाला विचारलं नाही. ॲसिड भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओतायचो, म्हणजे बाटली वेळेवर संपलेली दिसे. आणि रोज संध्याकाळी धुण्याच्या रजिस्टरमध्ये सही करायचो. तिथे वर छापलेलंच होतं, सर्व भांडी ॲसिडने रीतसर धुतली.

तुला आठवतं का ठाऊक नाही. स्टुलावर उभी असताना एकदा तू मला विचारलंस की आपण तर मीठ लावलं, मग बाबा ॲसिड का लिहिता. मी सांगितलं की वहीत असंच लिहायचं असतं. तू मान डोलावलीस आणि पुन्हा कधी विचारलं नाहीस. तुझा निबंध मी पाहिलेला नाही, वाचला असता तरी कळला नसता. पण ते एक वाक्य माझं आहे. भांडी स्वच्छ निघत होती, प्रयोग बरोबर येत होते, म्हणून मी नोकरीची उरलेली सगळी वर्षं मूग गिळून बसलो. माझ्यामुळे कुणाचं नुकसान झालं नाही असं समजत होतो. आता ताईच्या कॅलेंडरवरच्या त्या खुणेकडे बघवत नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. पहिलं पत्र त्या मुलीला. दुसरं तिच्या सरांना, की तिच्या हातात काही खोट नव्हती. तिसरं छापणाऱ्यांना. मुलाखत त्यानंतर, उरली तर. दुरुस्तीत माझा उल्लेख कर. लॅब अटेंडंटने शिकवलेली पद्धत असं स्पष्ट लिही. मला त्याची लाज नाही वाटणार. लाज वाटायची ती वाटून झाली.

जेवत जा. राग आहे, लोभही आहे, दोन्ही एकाच घरात राहतात.

बाबा


२० जुलै

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मुलाखतीच्या तीन दिवस आधी हातात पडलं. स्टूल आठवतं. तो प्रश्न विचारल्याचं आठवत नाही, पण मी विचारला असेन. त्या वयात मी बरं विचारायची.

तुम्ही सांगितलेल्या क्रमाने तीन पत्रं लिहिली. पहिल्याला पूर्ण दिवस लागला. त्यात मी कारणं घातली होती, ती सगळी काढून टाकली. तेरा मार्चपासून मला माहीत होतं, ही ओळ ठेवली.

मुलाखतीत मी आधीच सांगून टाकलं की निबंधातलं माझं मुख्य म्हणणं चुकीचं आहे. लांब टेबलामागे पाच जण होते. ते अतिशय सभ्यपणे वागले, प्रामाणिकपणाबद्दल बोलले, माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. जागा दुसऱ्याला दिली. मॅडम मला डिसेंबरपर्यंत ठेवतील. पुढचं चौथं विद्यापीठ की घर, ते माहीत नाही. विचार करायचीही ताकद नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून जाणारे पाय बघत बसते, त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटतं.

दुरुस्ती छापून आली. चार ओळी आहेत. शेवटची अशी आहे, की भांडी ॲसिडने धुतली नव्हती, चिमूटभर घरगुती मिठाने घासली होती, आणि ही पद्धत लेखिकेला तिच्या वडिलांनी, जे महाविद्यालयात लॅब अटेंडंट होते, त्यांनी शिकवली. कात्रण सोबत पाठवते. ताईला आता सगळं वाचून दाखवलंत तरी चालेल.

त्या मुलीने मला उत्तर दिलं नाही. तिच्या सरांचं आलं, कोरडं, पण आलं. तिने फक्त तुमचा पत्ता मागितला, तोही त्यांच्यामार्फत. मी दिला. न विचारता दिला, त्याबद्दल माफ करा.

मशीन कानाला लावा. निदान ताई रागावते ते तरी ऐकू येईल. मी मागत नाही, पण लोभ उरला असेल तो इकडे पाठवा.

तुमची,
धाकटी


९ ऑगस्ट

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या लेकीचा प्रयोग दीड वर्ष करत होते ती मी. तिला लिहायला बसले की हात पुढे जात नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

दुरुस्ती वाचली. ॲसिडने रीतसर धुतली असं पहिल्या निबंधात होतं, म्हणून मी रीतसर धुवायची. पाणी निळं होत नव्हतं, तेव्हा वाटायचं की काच अजून स्वच्छ नसेल, म्हणून दोनदा धुवायला लागले, मग तीनदा. हातमोजे घालूनही बोटांची सालं निघायची. डाव्या मनगटावर ॲसिडचा डाग आहे, तो जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले. समितीसमोर सरांनी माझ्या हातांबद्दल बोलायला सुरुवात केली, तेव्हा मी ते टेबलाखाली घेतले. जितकी काळजी घेतली तितकी मीच ते कण होऊ देत नव्हते, हे आता कळतं. तुम्ही ज्या बाटलीला घाबरलात ती मी रोज उघडत होते, काका. तुमच्यावर राग नाही. मीही घाबरायला हवं होतं.

तुमच्या लेकीला मी माफ केलंय असं अजून म्हणता येत नाही. प्रयत्नही करत नाही, फार थकवा येतो त्याने. मी आता मावशीकडे राहते आणि पाणी तपासण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसाला साठ बाटल्या. बाटली खराब असेल तर खराब म्हणायचं, चांगली असेल तर चांगली, आणि घरी यायचं. सरांनी परत बोलावलं होतं. मी नाही म्हणाले.

फक्त माझं सामान तिथे राहिलंय, ते आणायला पुढच्या महिन्यात जायचं आहे. एका दुपारपुरतं माझं जुनं टेबल मला द्याल का, असं मी सरांना विचारलं. ते हो म्हणाले. कुणाला काही दाखवायचं नाही. दीड वर्ष लाल पाहिलं, एकदा माझ्या हाताने निळं झालेलं पाहायचं आहे, मग परत येईन.

म्हणून विचारते. दुरुस्तीत चिमूटभर मीठ असं छापलंय. चिमूट दोन बोटांची की तीन बोटांची, ते लिहिलेलं नाही. तुम्ही कशी घ्यायचात ते नेमकं कळवा.

लोभ मागावा इतकी आपली ओळख नाही. उत्तर मात्र पाठवा.

पत्रवाली
(मला तुम्ही असं म्हणता, हे तुमच्या लेकीच्या पत्रात होतं.)